पुडीपासून खोक्यापर्यंत



आज आम्ही हात हलवीत आलेलो नाही. पोतेभर सामान घेऊन आलो आहोत. हे पाहा, टेबलावर एकेक मांडतो. ही कांद्याची जाळीची गोणी. ही आंब्याची लाकडी पेटी. हा द्राक्षांचा पुठ्ठ्याचा खोका. हे पापडाचे पाकीट. ही लोणच्याची काचेची बरणी. ही वेफरची पिशवी. आणि हे एक चित्र. चित्र आहे फवारणीच्या औषधाच्या डब्याचे. डबा का आणला नाही, नुसते चित्रच का आणले, ते पुढे सांगू.

यातली एकही वस्तू भरलेली नाही. सगळे रिकामे आहे. कोणी म्हणेल, मास्तर म्हातारे झाले, आता भंगार गोळा करू लागले! तसे नव्हे. आज बोलायचे आहे ते आतल्या मालाविषयी नाही. बोलायचे आहे ते बाहेरच्या वेष्टनाविषयी. वेष्टन म्हणजे माल ज्यात बांधतो, भरतो, झाकतो ते. पुडी, पिशवी, गोणी, डबा, बाटली, खोका ही सगळी वेष्टनेच. बाजारात त्याला पॅकिंग म्हणतात. व्यापारी गोणी-पोत्यांना बारदान म्हणतो.

वेष्टन ही काही शहरातल्या माणसाने काढलेली गोष्ट नाही. ती आधी निसर्गाने काढली. भुईमुगाची शेंग पाहा. शेंगेत दाणा टिकतो. तोच फोडून ठेवला, तर त्याला लवकर कीड लागते आणि तो लवकर खवट होतो. केळ्याला साल आहे, नारळाला करवंटी आहे आणि वर सोडणही आहे. नारळ झाडावरून पडतो, पण सहसा फुटत नाही. आपल्या वाडवडिलांनीही हे ओळखले होते. धान्याला शेणाने लिंपलेली कणगी, लोणच्याला चिनी मातीची बरणी, जेवणाला पळसाची पत्रावळ, फुलांना पान. ज्याला जे मानवेल ते त्याला दिले.

मग वेष्टनाची कामे कोणती? बोटांवर मोजू. कामे चार.

पहिले काम, माल सांभाळणे. दुसरे काम, माल नेता-आणता येईल असा करणे. सुटे टोमॅटो कोणी ओंजळीने बाजारात नेत नाही. तिसरे काम, माप ठरवणे. पाव किलो, अर्धा किलो असे आधीच बांधले, की देणाराही निश्चिंत आणि घेणाराही निश्चिंत. चौथे काम, सांगणे. आत काय आहे, किती आहे, कोणी भरले, केव्हा भरले, किती दिवस चालेल, हे पुडीने सांगायचे. कारण माल विकला जातो तेव्हा तो करणारा तिथे उभा नसतो. त्याच्या वतीने ती पुडी उभी असते.

ही चार कामे ध्यानात ठेवा. यातले एक जरी चुकले तरी काय होते, ते आम्ही आमच्याच दोन चुकांवरून सांगणार आहोत. दुसऱ्याच्या चुका सांगायला सोप्या असतात. पण चाळीस वर्षे मुलांना छडी दाखवली, आता स्वतःच्या हातावर घ्यायला हरकत नाही.

पहिली चूक पापडाची.

आमच्या गावच्या बायकांचा बचत गट आहे. त्यांनी उडदाचे पापड केले. चव उत्तम. तालुक्याला श्रावणात प्रदर्शन होते. तिथे ऐंशी पाकिटे न्यायची ठरली. पिशव्या कोणत्या घ्याव्यात म्हणून बायका आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, पातळ पिशवी एक रुपयाला आहे आणि जाड अडीच रुपयांना. कंची घेऊ?" आम्ही म्हणालो, "पिशवी काय खायची आहे? पातळ घ्या."

पातळ पिशव्या आणल्या. मेणबत्तीच्या ज्योतीवर त्यांची तोंडे चिकटवली. कुठे चिकटली, कुठे नाही. वरून पावसाची झड. आठ दिवसांत पापड नरम पडले. काहींवर बुरशी आली. ऐंशीपैकी एकतीस पाकिटे लोकांनी परत आणून दिली. पाकीट साठ रुपयांचे. आता हिशेब करा. जाड पिशवीला दीड रुपया जास्त. ऐंशी पिशव्यांचे एकशेवीस रुपये वाचवले आणि एकतीस पाकिटांचे अठराशे साठ रुपये घालवले. त्यातले काही पैसे गटातून कर्जाऊ घेतलेले होते. ते बायकांनी मजुरी करून फेडले. आम्हांला कोणी एका शब्दाने बोलले नाही. तेच जास्त लागले.

मग आम्ही चौकशी केली, तेव्हा चूक कळली. आम्ही पिशवीची किंमत पाहिली, पण पापडाचा शत्रू कोण ते पाहिले नाही.

बंधुभगिनींनो, आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट हीच. वेष्टन निवडताना आधी विचारा, या मालाचा शत्रू कोण? शत्रू ओळखला, की राखणदार कोणता नेमायचा ते आपोआप कळते. मालाचे शत्रू पाच. ओल, हवा, उजेड, मार आणि कीड-उंदीर. प्रत्येक मालाला प्रत्येक शत्रूचे भय सारखे नसते. एकेक पाहू.

पापडाचा शत्रू ओल. पातळ पिशवीतून हवेतली ओल हळूहळू आत शिरते. म्हणून पापडाला जाड पिशवी हवी. तिचे तोंड मशीनवर नीट सील केलेले हवे. हे हातमशीन फार महाग नसते, एका गटात एक पुरते. आणखी एक गोष्ट. पापड आधी खडखडीत वाळलेला हवा. उन्हातून आणलेले गरम पापड तसेच बंद केले, तर आतल्या वाफेचे पाणी होते. मग पिशवी कितीही चांगली असो, शत्रूला आपणच आत कोंडले! गुळाचेही तसेच. गूळ हवेतली ओल ओढतो आणि पावसाळ्यात पाझरतो. त्यालाही ओलीपासून जपले पाहिजे.

चिवडा, शेव, वेफर यांत तेल असते. तेलाला हवा लागली, की ते खवट होते. म्हणजे इथे ओलीबरोबर हवाही शत्रू. आता ही वेफरची पिशवी पाहा. लोक म्हणतात, कंपनी हवा विकते. पिशवी मोठी आणि वेफर थोडे, ही तक्रार खोटी नाही. पण आत बहुधा साधी हवा नसते, नायट्रोजन नावाचा वायू असतो. त्याने तेल खवट होत नाही. आणि फुगलेल्या पिशवीत वेफरचा चुराही होत नाही. आतल्या चकचकीत थरामुळे उजेड आणि ओल बाहेर राहते.

हळदीच्या पुडीचा शत्रू उजेड. पारदर्शक पिशवीत हळद छान दिसते. पण दुकानाच्या दारात उन्हात टांगली, की तिचा रंग उडत जातो. सांगलीची असो की कुठलीही, उजेड तिला सोडत नाही. तिला उजेड अडवणारी पिशवी किंवा डबा बरा.

लोणच्यात आंबट असते, मीठ असते. ते पितळेला, तांब्याला, ॲल्युमिनियमला खाते आणि तो विषारी अंश पोटात जाऊ शकतो. म्हणून काच किंवा चिनी माती. काचेला आंबट लागत नाही, वास लागत नाही आणि बरणी धुऊन पुन्हा वापरता येते. पण काच जड आणि फुटकी. घरी उत्तम, लांबच्या प्रवासाला जपून.

आता कांदा. नाशिककडच्या मंडळींना हे सांगायला नको. कांदा काढल्यावरही जिवंत असतो. तो श्वास घेतो. त्याला प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घातले, की त्याला घाम सुटतो आणि तो सडतो. म्हणून त्याला जाळीची किंवा सैल विणीची तागाची गोणी. पाहा, पापडाला वारा लागू द्यायचा नाही आणि कांद्याला वाऱ्याशिवाय ठेवायचे नाही. एकच पिशवी दोघांना कशी चालेल?

धान्यालाही तागाची गोणी चांगली. तिला वारा लागतो. ती थप्पीवरून घसरत नाही. टोकदार नळी खुपसून नमुना काढला, तरी भोक पुन्हा बुजते. पण ताग पाणी पितो. म्हणून गोणी जमिनीवर नको, फळ्यांवर हवी आणि भिंतीपासून हातभर दूर हवी. प्लॅस्टिकचे विणलेले पोते स्वस्त आणि हलके, पण थप्पीवर घसरते.

आंबा, टोमॅटो, द्राक्षे यांचा शत्रू मार आणि दाब. रत्नागिरी-देवगडचा हापूस लाकडी पेटीत गवत किंवा पेंढा घालून रचतात. गवत गादीचे काम करते आणि फटींतून वारा खेळतो. पण लाकूड म्हणजे झाड तोडणे आले, आणि खिळ्याने फळाला जखम होते. म्हणून आता पुठ्ठ्याचे खोकेही पुष्कळ वापरतात. हा खोका फाडून दाखवतो. दोन सपाट कागदांच्या मधे एक नागमोडी कागद आहे. पत्र्याच्या पन्हळीसारखा. त्या पन्हळीमुळे साधा कागदही भार सोसतो. बाजूंना भोके आहेत, ती वाऱ्यासाठी. मात्र हा खोका भिजला की संपला. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांच्या खोक्यात आणखी एक कागद घालतात. त्यातून गंधकाचा वायू हळूहळू सुटतो आणि बुरशी रोखतो. टोमॅटोला कठीण प्लॅस्टिकचे क्रेट चांगले. एकावर एक ठेवले, तरी भार क्रेटवर येतो, फळावर येत नाही. आणि तेच क्रेट धुऊन पुन्हापुन्हा चालते.

खोके भरताना एक पाप करू नका. वर मोठी फळे आणि खाली बारकी, असे करू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण खोक्याला लावू नये. गिऱ्हाईक एकदा फसते. दुसऱ्या वेळी तुमचे नाव पाहूनच पुढे जाते.

शत्रू ओळखल्यावर आणखी तीन प्रश्न विचारा. माल किती लांब जायचा आणि किती दिवस टिकायचा? गावच्या बाजारात सकाळी नेऊन संध्याकाळी विकायचा, तर पाटी-टोपलीही पुरे. मुंबईला जायचा, तर नाही. दुसरा प्रश्न, वेष्टनाचा खर्च मालाच्या किमतीला झेपतो का? दहा रुपयांच्या मालाला आठ रुपयांचा डबा नको. पण आमच्यासारखी दीड रुपयाची खोटी बचतही नको. तिसरा प्रश्न, माल संपल्यावर वेष्टनाचे काय होणार?

हा तिसरा प्रश्न पूर्वी पडत नसे. पान उकिरड्यावर गेले, त्याचे खत झाले. कागद चुलीत गेला. प्लॅस्टिक तसे कुजत नाही. खरकटे भरलेली पिशवी गाय गिळते आणि पिशव्यांचा गोळा होऊन गाय मरते. गटारे तुंबतात. म्हणून महाराष्ट्र सरकारने २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली. पुढे सबंध देशासाठी नियम झाले. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिकच्या हातपिशव्यांना मनाई आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. याचा अर्थ सगळे प्लॅस्टिक वाईट, असा नव्हे. पापडाला ते राखते, टोमॅटोचे क्रेट वर्षानुवर्षे चालते. पण बाजारात जाताना घरची कापडी पिशवी न्यायला काय कष्ट पडतात?

आणखी दोन सवयी सोडा. गरम भजी, वडे छापील वर्तमानपत्रात बांधू नका. छपाईची शाई अन्नाला लागते. २०१८ च्या अन्नवेष्टनाच्या नियमांनी याला मनाई केली आहे. आणि खताच्या रिकाम्या पोत्यात खाण्याचे धान्य भरू नका. पोते धुतले तरी नको. ज्यात अन्न ठेवायचे, ते अन्नासाठीच बनवलेले असावे.

आता आमची दुसरी चूक. ही सांगताना आजही छाती धडधडते.

आमच्या शेजाऱ्यांना बांधावर थोडे तणनाशक मारायचे होते. आमच्याकडे डबा होता. थोडेच हवे, म्हणून आम्ही ते थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतले आणि बाटली ओट्यावर ठेवली. शेजारी यायला उशीर झाला. आम्ही आत चहा घ्यायला गेलो. आमचा चार वर्षांचा नातू खेळत आला. त्याने ओळखीची बाटली पाहिली. त्याला काय, ते सरबत! तो टोपण फिरवू लागला. टोपण आम्ही घट्ट लावले होते, एवढेच पुण्य. तेवढ्यात त्याच्या आजीने पाहिले आणि बाटली हिसकावून घेतली. ती त्याला पोटाशी धरून ओट्यावर बसली ती कितीतरी वेळ उठलीच नाही. आमच्याकडे वर मान करून पाहिलेही नाही.

बंधूंनो, आम्ही लिहिता-वाचता येणारा माणूस. शाळेचे हेडमास्तर. पण जे वेष्टन बोलत होते, त्यातून आम्ही विष काढले आणि मुक्या बाटलीत भरले. मुकी कशाला, खोटे बोलणाऱ्या बाटलीत! डब्यावर धोक्याची खूण होती. बाटलीवर सरबताचे चित्र होते.

विष आणि अन्न यांची वेष्टने एकत्र आली म्हणजे काय होते, हे देशाने फार पूर्वी पाहिले आहे. १९५८ साली केरळात पीठ आणि साखर खाऊन शंभरावर माणसे दगावली. हा खाण्याचा माल आणि पॅराथिऑन नावाचे कीटकनाशक एकाच जहाजातून नेले होते. औषध गळले आणि खाण्याच्या मालात मिसळले. खाणाऱ्यांचा काय दोष होता? त्यांनी फक्त जेवण केले होते. म्हणून आज आम्ही या टेबलावर औषधाचा डबा आणला नाही. चित्र आणले.

आता चित्र पाहा. डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन आहे. त्याचे दोन त्रिकोण केले आहेत. खालच्या त्रिकोणात रंग आहे. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष. त्याच्यावर कवटीचे चित्रही असते. मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. पण हिरवा म्हणजे निर्धोक, असे समजू नका. हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात कमी, पण विषच. खाण्याच्या पाकिटावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असतो. तो शाकाहाराची खूण. एका हिरव्याला दुसरा हिरवा समजू नका. ठिपका वेगळा, त्रिकोण वेगळा.

औषध नेहमी त्याच्या मूळ डब्यातच ठेवा, कुलपात ठेवा. डबा रिकामा झाला, की तीन वेळा खळबळून ते पाणी फवारणीच्या पंपातच घाला. मग डब्याला भोके पाडा, म्हणजे तो कोणी पाण्याला, तेलाला वापरणार नाही. आणि देव न करो, पण कोणाच्या पोटात गेलेच, तर घरच्या घरी उलटी काढत बसू नका. माणसाबरोबर डबाही दवाखान्यात न्या. उपचार काय करावा, हे डॉक्टरांना त्यावर वाचता येते.

आता खाण्याच्या पाकिटावर काय वाचायचे, ते सांगतो. मालाचे नाव. निव्वळ वजन, म्हणजे पिशवी सोडून आतल्या मालाचे वजन. करणाऱ्याचे नाव आणि पत्ता. भरल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरावे ती तारीख. जास्तीत जास्त किंमत, सर्व करांसह. दुकानदाराने त्याहून एक पैसा जास्त मागू नये. अन्नपरवान्याचा चौदा आकडी क्रमांक. आणि तक्रार कोठे करावी तो पत्ता किंवा फोन. विकत घेताना हे वाचा. विकताना हे लिहा. तुमच्या गटाच्या पाकिटावर हे नसेल, तर चांगले दुकान ते ठेवणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

आमच्या गावच्या गटाने पुढच्या वर्षी जाड पिशव्या घेतल्या, सीलचे मशीन घेतले आणि पाकिटावर छापील चिठ्ठी लावली. चिठ्ठीचा मजकूर साक्षरता वर्गात शिकलेल्या एका बाईंनी लिहिला. "वाळलेले" या शब्दात त्यांना दोनदा अडले, ते आम्ही सांगितले. बाकी सगळे त्यांचे. त्या वर्षीही पाऊस होताच. पण पाकीट एकही परत आले नाही.

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलो. वेष्टनाचे शास्त्र आम्ही शिकलेलो नाही. ते मोठे शास्त्र आहे. त्यासाठी १९६६ साली मुंबईत भारतीय पॅकेजिंग संस्था स्थापन झाली. तिथे खोके आपटून, दाबून, भिजवून पाहतात. आपल्याला तेवढे नको. आपल्याला एक प्रश्न पुरे: या मालाचा शत्रू कोण?

आता घरी गेल्यावर एक काम करा. आज रात्री जेवण झाले, की फळीवरचे एक पाकीट खाली घ्या. मिठाचे घ्या, चहाचे घ्या. दिव्याजवळ बसा आणि त्यावरची अक्षरे लावून वाचा. तारीख शोधा, वजन शोधा. पोरांना जवळ बसवा. त्यांनाही दाखवा. कालपर्यंत ते पाकीट तुमच्याशी बोलत होते, पण तुम्हांला ऐकू येत नव्हते. आज येते. आणि औषधाचे एखादे मुके भांडे घरात असेल, तर सकाळची वाट पाहू नका. ते आधी उचला.